भूकंप निसर्गाचा, उत्तरदायित्व समाजाचे

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे निद्राधीन झाली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि काही क्षणांतच किल्लारी, सास्तूर व परिसरातील गावे ढिगारे होऊन पडली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

या भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. परंतु त्यांतील फार थोडे असा संहार घडवितात. मग येथे तो का घडला? भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूभागावर रेटत असतो. त्या रेट्याचा ताण दख्खनच्या कठीण खडकाखालील पुरातन भेगांपर्यंत पोहोचतो. किल्लारीचा भूकंप भूपृष्ठापासून फार खोल नव्हता, म्हणून त्याचा आघात थेट गावांवर बसला. हा निसर्गाचा भाग झाला.

उरलेला भाग माणसाचा होता. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही तिकडच्या घरांची रीत. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे त्या पहाटे झोपलेल्यांवर कोसळली. भिंतीच्या दोन्ही बाजू सांधणारे लांब दगड किंवा दारांच्या वरून घराभोवती फिरणारी काँक्रीटची पट्टी बहुतेक घरांत नव्हती. असावी असे वाटण्याचेही कारण नव्हते, कारण तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992च्या उत्तरार्धात बसलेल्या सौम्य धक्क्यांनीही ही समजूत ढळली नाही. 2002मध्ये नकाशा सुधारला गेला. पण तोवर त्याची किंमत चुकती झाली होती.

आपत्तीनंतर समाज धावून येतो, हे किल्लारीने दाखविले आणि ते अभिमानास्पदच आहे. तथापि, प्रेते बाहेर काढणाऱ्या सेवेइतकीच भिंत कोसळू न देणारी दक्षताही मोलाची आहे. भूकंपाची वेळ आजही कोणी सांगू शकत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र निश्चित ठाऊक आहे. गावोगावच्या गवंड्याला ते शिकविणे आणि घर बांधताना त्याचा आग्रह धरणे, हीच त्या मृतांना खरी श्रद्धांजली होय.