राष्ट्राला हरविणारा खंड

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील बेथपेज ब्लॅक मैदानावर २८ सप्टेंबर २०२५ रोजी रायडर चषकाचा निकाल लागला, तेव्हा गुणफलकावर युरोप १५, अमेरिका १३ असे आकडे होते. दोन गुणांचा हा फरक वरवर पाहता चुरशीच्या लढतीचा निदर्शक वाटतो. प्रत्यक्षात तीन दिवसांत त्या मैदानावर दोन निरनिराळ्या स्पर्धा झाल्या. पहिले दोन दिवस खेळाडू जोडीजोडीने खेळले. त्यात युरोपने साडेअकरा गुण मिळविले आणि अमेरिकेला अवघ्या साडेचारांवर रोखले. तिसऱ्या दिवशी प्रत्येक जण एकटा मैदानात उतरला आणि चित्र पार पालटले. अमेरिकेने साडेआठ गुण लुटले. युरोपच्या वाट्याला साडेतीन आले. त्या दिवशी युरोपच्या फक्त एका खेळाडूला, स्वीडनच्या लुडविग ओबर्गला, आपला सामना जिंकता आला. आयर्लंडच्या शेन लॉरीने शेवटच्या होलवर रसेल हेन्लीशी बरोबरी साधली आणि चषक युरोपकडेच राहणार हे ठरले. मग टायरेल हॅटनच्या बरोबरीने विजयावर शिक्कामोर्तब झाले.

गोल्फ हा मूलतः एकट्याचा खेळ. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडविता येत नाही, सहकाऱ्याला पास देता येत नाही. अशा खेळात एकेकट्याने खेळताना सरस ठरणारा देश जोडीने खेळताना एवढा का कोसळतो, हा बेथपेजने विचारलेला खरा प्रश्न आहे. प्रश्न केवळ गोल्फचा नाही. एक संघ एकाच राष्ट्राचा, एका ध्वजाखाली, घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणारा. दुसरा आठ-नऊ ध्वजांतून जमविलेला. तरीही एकजीव ठरतो तो दुसरा. ‘आम्ही’ ही भावना कशातून घडते, याचे उत्तर या विरोधाभासात दडलेले आहे.

बियाणे व्यापाऱ्याचा चषक

सॅम्युअल रायडर हे इंग्लंडमधील सेंट अल्बन्स गावचे बियाण्यांचे व्यापारी. एका पेनीला मिळणाऱ्या बियाण्यांच्या पाकिटांवर त्यांनी संपत्ती उभी केली आणि पन्नाशीच्या आसपास प्रकृतीच्या कारणास्तव गोल्फ हाती धरला. त्यांनी दिलेल्या सोन्याच्या चषकावर जी छोटी मूर्ती आहे, ती त्यांचे गोल्फचे गुरू एब मिचेल यांची. १९२७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिली स्पर्धा झाली व ती अमेरिकेने सहज जिंकली. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास एकतर्फी आहे. १९७७ पर्यंतच्या २२ स्पर्धांपैकी १८ अमेरिकेने जिंकल्या, ब्रिटिश संघाला केवळ तीन विजय मिळाले आणि १९६९ ची स्पर्धा बरोबरीत सुटली. त्या वर्षी रॉयल बर्कडेल येथे जॅक निक्लॉसने टोनी जॅकलिनचा अखेरचा छोटा पट न खेळवताच मान्य केला होता. खिलाडूवृत्तीचा तो आदर्श आजही सांगितला जातो.

स्पर्धा अशीच चालली तर तिच्यात कुणाला रस उरणार नाही, हे ओळखणाऱ्यांत निक्लॉसच पुढे होता. ब्रिटनऐवजी संपूर्ण युरोपचा संघ असावा, असा आग्रह त्याने धरला आणि १९७९ पासून तो अमलात आला. सेवे बायेस्तेरोस आणि अंतोनियो गारिदो या स्पॅनिश खेळाडूंनी त्या वर्षी युरोपच्या संघात प्रवेश केला. १९८५ मध्ये इंग्लंडमधील द बेल्फ्री येथे युरोपने तब्बल २८ वर्षांनी चषक परत मिळविला. १९८७ मध्ये तर अमेरिका प्रथमच घरच्या मैदानावर हरली. ते मैदान ओहायोतील म्युरफील्ड व्हिलेज, म्हणजे निक्लॉसने स्वतः उभारलेले, आणि पराभूत संघाचा कर्णधारही निक्लॉसच! १९७९ ते २०२५ या काळात झालेल्या २३ स्पर्धांपैकी १३ युरोपने जिंकल्या, नऊ अमेरिकेने, एक बरोबरीत सुटली. युरोपच्या भूमीवर अमेरिकेचा अखेरचा विजय आहे १९९३ सालचा.

एक चेंडू, दोघे खेळाडू

रायडर चषकात एकूण २८ सामने व तेवढेच गुण असतात. त्यांपैकी आठ सामने फोरसमचे, आठ फोरबॉलचे आणि बारा एकेरीचे. फोरबॉलमध्ये प्रत्येक जण आपापला चेंडू खेळतो व जोडीतील चांगली धावसंख्या धरली जाते. म्हणजे तेथेही खेळाडू बराचसा स्वतंत्रच असतो. फोरसमची गोष्ट निराळी. तेथे जोडीचा चेंडू एकच आणि दोघांनी तो आळीपाळीने मारायचा. एकाने चेंडू झुडपात घातला, तर तो बाहेर काढण्याची पाळी दुसऱ्याची. आपल्या चुकीची शिक्षा सहकाऱ्याला भोगावी लागते आणि त्याने ती कपाळावर आठी न आणता भोगायची असते. परस्परविश्वासाची अशी परीक्षा गोल्फमध्ये अन्यत्र क्वचितच होते.

रोममध्ये २०२३ साली झालेली स्पर्धा आणि २०२५ ची बेथपेज येथील स्पर्धा, या दोन्ही मिळून फोरसमचे १६ सामने झाले. त्यांतील १३ गुण युरोपने घेतले; अमेरिकेला तीन मिळाले. रोममध्ये एकेरीचे बारा सामने सहा-सहा असे बरोबरीत सुटले होते, हे लक्षात घेतले म्हणजे युरोपच्या दोन्ही विजयांचे श्रेय कशाला जाते हे वेगळे सांगावे लागत नाही. बेथपेजमध्ये जगातील अव्वल क्रमांकाचा खेळाडू स्कॉटी शेफलर पहिल्या दोन दिवसांत आपले चारही सामने हरला. तिसऱ्या दिवशी त्यानेच एकेरीत रोरी मॅकिलरॉयला हरविले. दोन दिवसांत त्याचे कौशल्य हरपले आणि एका रात्रीत परतले, असे कोण म्हणेल?

कर्णधारांच्या निर्णयांतही हाच फरक दिसला. अमेरिकेचे कर्णधार कीगन ब्रॅडली यांनी कॉलिन मोरिकावा व हॅरिस इंग्लिश ही जोडी शुक्रवारी फोरसममध्ये उतरविली. मॅकिलरॉय आणि टॉमी फ्लीटवूड यांनी तिचा सहज पराभव केला. शनिवारी तीच जोडी पुन्हा उतरली, त्याच जोडीपुढे पुन्हा हरली. ब्रॅडली यांना यापूर्वी उपकर्णधारपदाचाही अनुभव नव्हता. युरोपच्या ल्यूक डोनल्ड यांच्याकडे मात्र सलग दुसऱ्यांदा नेतृत्व होते आणि रोमच्या बारापैकी अकरा खेळाडू बेथपेजच्या संघातही कायम होते. बाराव्याच्या जागी त्याचा जुळा भाऊ आला, एवढाच बदल. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांचा गोंगाट सवयीचा व्हावा म्हणून डोनल्ड यांनी खेळाडूंना आभासी वास्तवाचे चष्मे दिले; निवासातील खोल्यांच्या बारीकसारीक सोयींतही लक्ष घातले. अमेरिकेकडे प्रतिभा होती, युरोपकडे व्यवस्था होती.

बिनपैशाची लढाई

मानधनाच्या वादाने या फरकाला नैतिक रंग चढला. १९९९ पासून अमेरिकी खेळाडूंच्या नावे प्रत्येकी दोन लाख डॉलर धर्मादाय कार्यासाठी दिले जात. २०२५ साठी ही रक्कम पाच लाख करण्यात आली. तीन लाख धर्मादाय कार्यासाठी आणि दोन लाख खेळाडूच्या हाती. युरोपच्या खेळाडूंना काहीच मिळत नाही. फ्लीटवूडने बेथपेजच्या आदल्याच महिन्यात टूर चॅम्पियनशिप जिंकून एक कोटी डॉलर मिळविले होते. त्याच्या कारकीर्दीतील सर्वोत्तम खेळांपैकी एक मात्र त्याने बेथपेजला विनामूल्य केला.

तथापि ‘पैसा विरुद्ध निष्ठा’ असा सरळ हिशेब मांडणे अन्यायाचे ठरेल. अनेक अमेरिकी खेळाडूंनी ही रक्कम दान करण्याचे जाहीर केले होते. या स्पर्धेतून आयोजकांना प्रचंड उत्पन्न मिळते. बेथपेजला एका दिवसाच्या तिकिटाची किंमत सुमारे ७५० डॉलर होती. ज्याच्या खेळावर हा डोलारा उभा आहे, त्याने वाटा मागितला तर त्यात गैर काय, हा युक्तिवाद बिनतोड आहे. पैशामुळे अमेरिका हरली नाही. पैशाविषयीची चर्चा मात्र तिच्या खेळाडूंना संघापासून अलग, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून उभी करीत राहिली.

इतके महाग तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी जे केले, ते मात्र अक्षम्य होते. मॅकिलरॉयला आणि त्याच्या पत्नीला उद्देशून अर्वाच्य शेरेबाजी झाली, तिच्या दिशेने पेयाचा पेला भिरकावला गेला, सूत्रसंचालिकेनेच शिवराळ घोषणेत सूर मिसळल्याचे उघड झाल्यावर तिला दूर व्हावे लागले. बंदोबस्त वाढवावा लागला. १९९९ मध्ये ब्रुकलाइन येथे जस्टिन लिओनार्डचा पट पडताच अमेरिकी खेळाडू हर्षभराने ग्रीनवर धावले होते. होसे मारिया ओलाथाबालचा पट अद्याप बाकी असताना घडलेला तो प्रमाद त्या काळी फार मोठा वाटला होता. बेथपेजपुढे तो सौम्य वाटावा, यातच घसरणीचे मोजमाप आहे. निक्लॉसच्या त्या मान्य केलेल्या पटापासून स्पर्धा किती दूर आली, हे यजमान संघटनेला नंतर मागाव्या लागलेल्या क्षमेवरून दिसते.

ध्वज कुणाचा?

युरोपच्या बारा खेळाडूंत इंग्लंडचे चार, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडचा प्रत्येकी एक आणि नॉर्वेचा एक. म्हणजे सात जण अशा देशांचे, जे युरोपीय महासंघात नाहीत! ब्रिटनने २०१६ मध्ये सार्वमताने महासंघ सोडण्याचा निर्णय घेतला आणि २०२० मध्ये तो सोडलाही. तरीही दर दोन वर्षांनी इंग्लिश चाहते निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तारे मिरवीत ‘युरोप, युरोप’ असा घोष करतात. ब्रुसेल्सला जे साधले नाही, ते गोल्फच्या मैदानावर साधते.

पण अनेक देशांचे खेळाडू एकत्र आणले की आपोआप संघ तयार होतो, असे नाही. प्रेसिडेंट्स चषक हे त्याचे ढळढळीत उदाहरण. युरोप वगळता उर्वरित जगाचा संघ १९९४ पासून अमेरिकेशी खेळतो आहे. २०२४ पर्यंतच्या १५ स्पर्धांत त्याला फक्त १९९८ मध्ये विजय मिळाला. २००३ मध्ये बरोबरी झाली. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे या संघातून खेळला. शेवटच्या होलवर त्याचा अगदी जवळचा पट हुकला, क्रिस कर्कने सामना जिंकला आणि अमेरिकेने एका गुणाने चषक राखला. त्या एका पटावर खापर फोडणे सोपे होते. परंतु ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, जपान आणि भारत येथून निरनिराळ्या वाटांनी आलेल्या खेळाडूंना एरवी एकत्र आणणारे काहीच नव्हते, हे अधिक मूलभूत कारण होय.

युरोपचे वेगळेपण नेमके येथे आहे. त्याचे खेळाडू युरोपियन टूर नावाच्या एकाच शाळेत वाढले. नवखेपणी तेच विमानतळ, त्याच साध्या खाणावळी, तेच पावसाळी आठवडे त्यांनी एकत्र काढले. आज त्यांतील बहुतेक जण अमेरिकेतील पीजीए टूरवर खेळतात, काहींची घरेही तेथेच आहेत. तरी ती जुनी मैत्री टिकून आहे. कर्णधार होण्यापूर्वी उपकर्णधार म्हणून उमेदवारी करायची, ही परंपराही त्याच शाळेची. अमेरिकेने २०१४ च्या पराभवानंतर अकरा जणांची कृतिसमिती नेमून हीच परंपरा उभारण्याचा प्रयत्न केला. २०१६ चा आणि २०२१ चा १९-९ असा दणदणीत विजय तिच्या खात्यावर जमा झाला. मग ती घडी विस्कटू दिली गेली.

शाळा रिकामी होते आहे

युरोपने मात्र या विजयाने हुरळून जाऊ नये. सौदी अरेबियाच्या पैशावर २०२२ मध्ये सुरू झालेल्या लिव्ह गोल्फने या शाळेचे दिग्गज विद्यार्थी पळविले. हेन्रिक स्टेन्सन यांना कर्णधारपद गमवावे लागले. इयन पोल्टर, ली वेस्टवूड, सर्हिओ गार्सिया यांनी २०२३ मध्ये टूरचे सदस्यत्व सोडले. ज्यांनी पुढचे कर्णधार व्हायचे, अशी एक पिढीच गळाली. जॉन रॅहम आणि हॅटन हे २०२५ मध्ये खेळू शकले, ते त्यांच्यावरील दंडाविरुद्धचे अपील प्रलंबित होते म्हणून. दुसरीकडे, युरोपियन टूर, जी २०२२ पासून डीपी वर्ल्ड टूर म्हणून ओळखली जाते, तिने पीजीए टूरशी केलेल्या करारानुसार दरवर्षी दहा उत्तम खेळाडूंना अमेरिकेचे दार उघडून दिले आहे. खेळाडूंचा त्यात लाभ आहे, पण ज्या वयात मैत्री जुळते त्याच वयात ते आता घर सोडतील.

२०२७ मध्ये आयर्लंडमधील अडेर मॅनोर येथे चषक पुन्हा पणाला लागेल, तेव्हा पहिल्या स्पर्धेला शंभर वर्षे झालेली असतील. घरचे मैदान आणि अनुभवी खेळाडू यांच्या बळावर युरोप तीही स्पर्धा जिंकू शकेल. पण बेथपेजच्या तिसऱ्या दिवशी तो एकेकटा पडल्यावर काय झाले, हे जगाने पाहिले आहे. युरोपचे सामर्थ्य ध्वजात नाही, राष्ट्रात नाही आणि पैशातही नाही. ते वर्षानुवर्षे एकत्र काढलेल्या दिवसांत आहे. ही पुंजी चषकासारखी कपाटात ठेवून टिकत नाही. तिच्यात दर पिढीने नवी भर घालावी लागते.