म्हसा यात्रेची तारीख दरवर्षी का बदलते? या एका प्रश्नातून विज्ञानात शिरायची वाट सापडते

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा नावाचं गाव आहे. एरवी शांत असणारं हे गाव पौष पौर्णिमा आली की माणसांनी आणि बैलांनी भरून जातं. म्हसोबाची, म्हणजे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे, खाऊची दुकानं. पंचक्रोशीतली पोरं वर्षभर या यात्रेची वाट बघतात.

आता या यात्रेच्या तारखा बघा. पौष पौर्णिमा २०२४ साली २५ जानेवारीला होती. २०२५ साली ती १३ जानेवारीला आली, २०२६ साली ३ जानेवारीला. म्हणजे दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे. मग २०२७ साली ती डिसेंबरात जायला हवी ना? तर तसं होत नाही. २०२७ची पौष पौर्णिमा एकदम २२ जानेवारीला आहे.

हे असं का, असा प्रश्न चौथी-पाचवीतल्या कुठल्याही पोराला पडू शकतो. त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. "पंचांगात तसंच असतं."

उत्तर चूक नाही, पण त्यानंतर विचारायला काही उरत नाही. गावाकडच्या मुलांना विज्ञानाची गोडी का लागत नाही, याची चर्चा प्रयोगशाळा नाही, इंटरनेट नाही, इंग्रजी नाही अशा कारणांवर येऊन थांबते. ही कारणं खरीच आहेत. पण खरी अडचण बऱ्याचदा त्याआधीच सुरू होते. प्रश्न पडतो, कुणी तो ऐकतो, पण पुढे काय करून बघायचं हे सांगणारं कुणी नसतं. पहिली पायरी असते, दुसरी नसते.

बातम्यांमधलं विज्ञान आणि गावातलं विज्ञान

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड झालं. ६४ देशांतले जवळपास ३०० विद्यार्थी आले होते. यजमान होतं मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. भारताच्या पाच जणांच्या संघाने चार सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवलं. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट.

मानखुर्द ते म्हसा हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं आहे. मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक काळोख्या आकाशासाठी कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला येऊन रात्र जागवतात. तो काळोख मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांवर घरच्या अंगणात मिळतो. म्हणजे आकाश इथल्या मुलांकडे जास्त चांगलं आहे, पण त्याकडे कसं बघायचं हे सांगणारी माणसं शहरात आहेत.

दुसरी बातमी सरकारी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा केली. ही योजना २०१६ पासून सुरू आहे आणि ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच अशा वस्तू त्यात येतात.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, मुलं सर्वात जास्त प्रश्न विचारतात ते वय सहावीच्या आधीचं. दोन, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. तेच गुरुजी पहिलीला बाराखडी शिकवतात, चौथीला भागाकार शिकवतात आणि कागदपत्रंही तेच भरतात. लॅब आली तर चांगलंच आहे. पण "यात्रेची तारीख का बदलते?" या प्रश्नाला सेन्सर लागत नाही. आधी तो प्रश्न विचारण्यासारखा आहे, असं मुलाला वाटावं लागतं.

तारखेचं गणित काय आहे?

चंद्राच्या एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस होतात. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं वर्ष मात्र सूर्यावर चालतं, ३६५ दिवसांचं. दोघांत अकरा दिवसांचा फरक. म्हणून यात्रा दरवर्षी साधारण तेवढी अलीकडे सरकते.

ती अशीच सरकत राहिली असती तर पंधरा-सोळा वर्षांत पौषातली यात्रा ऐन भातलावणीच्या चिखलात भरली असती. ते होऊ नये म्हणून साधारण दर ३२-३३ महिन्यांनी पंचांगात एक महिना वाढवतात. तोच अधिक महिना. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. त्याच वाढीव महिन्यामुळे २०२७ची यात्रा पुन्हा जानेवारीच्या उत्तरार्धात जाते.

म्हणजे धोंड्याचा महिना म्हणून जावयाला जेवायला बोलावतात, त्यामागे चंद्र आणि सूर्य यांचा हिशोब जुळवण्याची युक्ती आहे. घरातल्या आजीला अधिक महिना माहीत असतो, पोराला वजाबाकी येत असते. दोघांना एकत्र बसवलं की गणित सुटतं.

आता याच्यापुढचा प्रश्न. शेतकरी म्हणतो, जूनच्या ७-८ तारखेला मृग लागला. पण मृग नक्षत्र आकाशात बघायचं असेल तर ते दिसतं जानेवारीत, यात्रेच्या दिवसांत, संध्याकाळी पूर्वेकडे. जूनमध्ये शोधलं तर सापडत नाही. असं कसं?

कारण "मृग लागला" याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला. सूर्य ज्या दिशेला, त्याच दिशेला मृगाचे तारे. दिवसाच्या उजेडात ते बुडून जातात. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि तेच तारे रात्रीच्या आकाशात येतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते कशावरून, हे मात्र असं अंगणात उभं राहून पटतं.

बैलबाजारातलं जीवशास्त्र

यात्रेतल्या बैलबाजारात गिऱ्हाईक आधी काय करतं? बैलाचं तोंड उघडून दात बघतं. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतात.

यामागचं विज्ञान सरळ आहे. गाय-बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास, मग पुढच्या जोड्या, आणि चार-पाच वर्षांपर्यंत आठही दात पुरे होतात. म्हणून दातांवरून वय कळतं.

शाळेच्या पुस्तकातही दातांचा धडा असतो. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. पण वर्गातले दात आणि बाजारातले दात यांची गाठ कुणी घालून देत नाही. मग मुलाला वाटतं, विज्ञान म्हणजे पुस्तकातलं ते अवघड काहीतरी, आणि आपल्या वडिलांना येतं ते विज्ञान नाही.

बाजारातलं सगळंच ज्ञान तपासून खरं ठरेल असं नाही. बैलाच्या अंगावरचा भोवरा शुभ की अशुभ, यावरही तिथे किंमत ठरते. दात आणि भोवरा या दोन्ही गोष्टी पोर एकाच बाजारात ऐकतं. यातलं तपासून कशात तथ्य निघतं, हा प्रश्न विचारता येणं म्हणजेच विज्ञानात पाऊल टाकणं.

महाराष्ट्रात हे आधी कुणी केलंय का?

केलंय. तेही बऱ्याच आधी.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं, आणि त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या प्राथमिक शाळांमधलं. केंद्राच्या संशोधकांनी मुलं विज्ञानात कुठे अडतात याचा अभ्यास केला, तेव्हा एक मोठा अडसर निघाला भाषेचा. ज्या मुलाच्या घरी कातकरी, ठाकरी किंवा आगरी बोली आहे, त्याला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द इंग्रजीइतकाच परका असतो. मुरबाड-शहापूरमध्ये हा मुद्दा आजही जसाच्या तसा लागू आहे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ते हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते, ते सोडून गावात गेले. त्यांची पद्धत उलटी होती. आधी हाताने काम करा, वेल्डिंग करा, पाण्याचा शोध घ्या, शेती करा, आणि त्यातून जे प्रश्न पडतील त्यातून विज्ञान शिका.

अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांच्यापासून विज्ञानाची खेळणी बनवली. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या तिन्ही कामांत महागडं काही नव्हतं. मुलाच्या हाताला काम होतं, समजेल अशी भाषा होती आणि "बघ बरं करून" म्हणणारं माणूस होतं.

पण याने नेमका फरक काय पडतो?

मुलं शास्त्रज्ञ होतील की नाही, हा मुद्दा घडीभर बाजूला ठेवू. इथे प्रश्न जिवाचाही आहे.

पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्याशी गाठ पडते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. माणूस पुन्हा झोपतो. या चारही सापांच्या विषावर एकच लस सरकारी दवाखान्यात मिळते, पण वेळेत पोचलं तरच उपयोग.

मग लोक आधी भगताकडे का जातात? कारण भगताकडे नेलेली बरीच माणसं खरोखर बरी होतात. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं मंत्र न घालताही बरी झाली असती. पण श्रेय मंत्राला जातं आणि ज्याला खरंच विष भिनलंय त्याचा वेळ जातो. "मंत्र घातला नसता तर काय झालं असतं?" हा प्रश्न ज्याला लहानपणी विचारता आला, तो रात्री दोन वाजता गाडी दवाखान्याकडे वळवतो.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलंय. लसीचा साठा लागेलच, पण दंश झालेल्या माणसाच्या घरातला पहिला निर्णयही तितकाच महत्त्वाचा.

अशा प्रश्नाची ताकद कोकणाने पाहिली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावातून आले. १९७६ मध्ये ते रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून माणसं मरत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातपाय गार पडणं, सगळं टिपत राहिले. त्यातून हृदयावर होणारा परिणाम उलगडला आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध कामी आलं. साधारण ४० टक्के रुग्ण दगावायचे ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचे निबंध लॅन्सेटमध्ये छापले गेले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली होती ती निरीक्षण आणि वहीतल्या नोंदींपासून.

मग दुसरी पायरी कुठून आणायची?

घरातल्या मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसेल, तर "माहीत नाही, बघूया" एवढं म्हणणं पुरतं. त्यानंतर एक वही लागते.

पौर्णिमेच्या दिवशी सूर्य मावळताना पूर्वेकडे बघायचं. चंद्र त्याच सुमारास वर येतो. ती वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी तो किती उशिरा येतो, ते लिहायचं. चार दिवसांत कळतं की सरासरी पाऊण तासाहून थोडा जास्त उशीर होतोय. मग पाचव्या दिवशीची वेळ आधी सांगायची आणि खरी ठरते का ते बघायचं. चुकली तर का चुकली, डोंगर आड आला का, ते शोधायचं. यात निरीक्षण, मोजमाप, अंदाज आणि पडताळा असं सगळं येतं. आणि खर्च एका वहीचा.

यापुढे वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद मराठीतच मासिक काढते. अरविंद गुप्ता यांची पुस्तकंही फुकट वाचता येतात, त्यात मराठीही आहेत. मोबाइल आता बहुतेक घरांत आहे. रील बघून झाल्यावर एकदा यातलं काही उघडून मुलाच्या हातात दिलं तरी चालेल.

२२ जानेवारी २०२७ला म्हसा गावात पुन्हा पाळणे लागतील, बैलांचे दात बघितले जातील, आणि संध्याकाळी पूर्वेकडून पूर्ण चंद्र वर येईल. त्या गर्दीत एखादं पोर विचारेलच, "यंदा यात्रा एवढी उशिरा का?" तेव्हा उत्तर देणाऱ्याने अधिक महिन्याचा हिशोब बोटांवर मोजून दाखवला, तरी त्या पोराला दुसरी पायरी मिळेल.