नावाची मिरासदारी

माल कोणाचा, हे ग्राहकाला कळावे एवढ्यासाठीच व्यापारचिन्हाला कायद्याचे संरक्षण असते. बाजारपेठेभोवती कुंपण घालण्यासाठी ते नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८ साली केलॉग विरुद्ध नॅशनल बिस्किट या खटल्यात हा भेद स्पष्ट केला.

वाद होता शिजवलेल्या गव्हाच्या तंतूंपासून केलेल्या, उशीच्या आकाराच्या न्याहारीच्या बिस्किटाचा. हेन्री पर्की याने ते शोधून पेटंटे घेतली. मूळ पेटंटांची मुदत १९१२ मध्ये संपली, आणि पुढे केलॉगनेही हा माल काढला. पर्कीच्या उद्योगाची पुढे वारसदार झालेली नॅशनल बिस्किट कंपनी १९३२ मध्ये डेलावेअरच्या संघीय न्यायालयात गेली. ‘श्रेडेड व्हीट’ हे नाव आणि बिस्किटाचा आकार आपलाच, असा तिचा दावा होता.

तिची बाजू अगदीच पोकळ नव्हती. हे नाव घरोघरी पोचविण्यासाठी जाहिरातींवर १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. दुसऱ्याने पेरलेले केलॉगने कापून न्यावे काय?

न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी बहुमताचा निर्णय देताना हे मान्य केले की, केलॉग आयत्या बाजारपेठेत वाटेकरी होत आहे. तथापि त्यात अन्याय नाही, असे त्यांनी बजावले. पेटंट हा समाजाशी केलेला सौदा आहे. संशोधकाला ठराविक काळ मक्तेदारी मिळते आणि त्या बदल्यात मुदतीनंतर शोध सर्वांचा होतो. वस्तू सर्वांची झाली, पण तिचे रूढ नाव एकाचेच राहिले, तर प्रतिस्पर्ध्याने ती विकावी कशी? मुदतीची मक्तेदारी मग मागील दाराने कायमची होईल, आणि तिची किंमत ग्राहकच मोजील.

मात्र न्यायालयाने फसवणुकीला मोकळीक दिली नाही. आपला माल आपलाच म्हणून ओळखू येईल, अशी वाजवी खबरदारी घेण्याचे बंधन केलॉगवर होतेच. तिच्या खोक्यावर तिचे नाव ठळक होते, खोके वेगळे होते, बिस्किटही आकाराने सुमारे दोन-तृतीयांश होते. बाजारात मिळविलेली पत उत्पादकाच्या स्वतःच्या नावाला चिकटते, आणि ते नाव सुरक्षितच राहिले.

भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील ३६ वे कलमही याच वाटेने जाते. पेटंट संपून दोन वर्षे उलटली आणि तो शब्दच वस्तूचे एकमेव व्यवहार्य नाव असेल, तर त्यावरील एकाधिकार टिकत नाही. भाषा ही समाजाची सामाईक मालमत्ता आहे. जाहिरातीवर कितीही पैसा ओतला, तरी तिच्यातील शब्दाचे खरेदीखत होत नाही.