जोडधंदा : फोनवरच्या वहीची कमाई



फुलसावंगी, महागाव, उमरखेडकडच्या तरुण मंडळींची हल्ली एक विचारणा असते. हळद कशी उकडावी, तुरीचे शेंडे केव्हा खुडावेत, बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे लावावेत, हे आम्हाला येते. तेच इंटरनेटवर लिहून, म्हणजे ब्लॉग चालवून, चार पैसे मिळतील काय? मिळतील. पण केव्हा, किती आणि कशातून, हे आधी समजून घ्या. नाही तर पेरणीआधीच कापसाची गाडी भरल्यासारखे होईल.

ब्लॉग म्हणजे कोणालाही वाचता येईल अशी आपली चालू वही. गूगलच्या ब्लॉगरवर ती फुकट उघडता येते. खर्च काय तो फोनचा, नेटचा आणि रात्रीच्या तासाभराचा. हा तास फुकटचा समजू नका. दिवसभर डवरा धरलेल्या माणसाला तो फार महाग पडतो.

खेड्यात बसून लिहिणे आणि ते चालवून दाखवणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढले. पैशाची ओढाताण झाली, ते पुण्यात टिकले नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत हाती घेतले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी मात्र १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू केले आणि नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून १९६७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, ते चालवले. वाचणारा खेड्यातला आणि लिहिणाराही त्यातलाच. आजच्या लिहिणाऱ्याचे भांडवलही हेच आहे.

त्याच जिल्ह्यातले, आता अहिल्यानगर म्हणतात त्याला, दुसरे उदाहरण ताजे आहे. सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने स्वयंपाकाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. लाखो लोक पाहू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चॅनेल चोरीला गेले. काही दिवसांनी परत मिळाले. तेव्हा खाते उघडाल त्याच दिवशी दोन टप्प्यांची सुरक्षा लावून ठेवा आणि फोनवर आलेला ओटीपी सख्ख्या मेव्हण्यालाही सांगू नका.

आता जाहिरातीचा पैसा. गूगलची ॲडसेन्स ही व्यवस्था २०१८ पासून मराठी पानांवरही जाहिराती लावते. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय मात्र पैसे निघत नाहीत, आणि मराठी वाचनाचा दर इंग्रजीच्या मानाने कमी. नव्या माणसाला हे १०० डॉलर जमवायला वर्ष लागले तरी नवल नाही. आपल्याच पानावरची जाहिरात आपणच दाबायची, भावकीला दाबायला सांगायचे, हा शहाणपणा करू नका. खाते बंद होते. 'फी भरा, महिन्यात कमाई सुरू' म्हणणाऱ्यांची कमाई बहुधा तुमच्या फीचीच असते.

म्हणून प्रयोग करा, पण नवे बियाणे आपण धुऱ्याकडच्या चार तासांत आधी लावून पाहतो तसा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मथळ्याचेच घ्या. 'हळदीवरील रोगांचे एकात्मिक व्यवस्थापन' असे कोणी फोनवर शोधत नाही. शोधणारा 'हळदीची पाने पिवळी पडली' असे टाकतो. एका लेखाला पहिला मथळा द्या, तशाच दुसऱ्याला दुसरा, आणि महिन्याने पाहा. मग वेळ बदलून पाहा. तुरीच्या शेंड्याचा मजकूर शेंडे खुडायच्या पंधरा दिवस आधी हवा. शेंगा लागल्यावर तो कोणाच्या कामाचा? आणि साधी शंभर पानी वही ठेवा: तारीख, मथळा, किती जणांनी वाचले, ते शोधून आले की व्हॉट्सॲपवरून, आणि किती जणांनी परत काही विचारले. माझ्या मते शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. हजारांनी चाळले आणि कोणी काही विचारले नाही, त्यापेक्षा शंभरांनी वाचून दहांनी विचारले ते बरे, कारण ते दहा जण उद्याचे गिऱ्हाईक. घरची हळद पूड, घरची तूरडाळ त्यांना थेट विकता येते, आणि जाहिरातीच्या पैशाच्या कितीतरी आधी हा पैसा हातात येतो. अन्नपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र करावी लागते.

वाचक वाढले की औषधवाले येतील. आमच्या बाटलीबद्दल चांगले लिहा, इतके देतो, म्हणतील. इथे थांबून विचार करा. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तुमच्या भरवशावर कोणी दोन औषधे एकत्र कालवली आणि अंगाला कापड न बांधता कपाशीत शिरला, तर घेतलेले पैसे कुठे ठेवाल? स्वतः वापरले नाही ते लिहू नये, आणि मात्रा विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशीचीच द्यावी. पैसे घेऊन लिहिले असेल तर 'ही जाहिरात आहे' असे पानावर ठळक सांगावे लागते. ग्राहक संरक्षणाच्या नियमांत तसे आहे, आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. दंड राहू द्या, गावात तोंड दाखवायचे असते!

दुसऱ्याचा मजकूर, दुसऱ्याच्या शेताचे फोटो उचलू नका. आपली पऱ्हाटी काळवंडलेली दिसली तरी तोच फोटो टाका. अपयश वाचायलाही लोक येतात, कदाचित जास्तच.

आणखी एक. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, पण ब्लॉगचे उत्पन्न शेतीचे धरले जात नाही. त्याचा हिशेब वेगळा ठेवा आणि पॅन कार्ड काढून ठेवा.

खात्यात पहिले दहा डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी गूगलकडून टपालाने एक पत्र येते, त्यात आकडे असतात. ते भरल्याखेरीज पुढचे काम होत नाही. पत्ता लिहिताना घराची खूण, पोस्ट, तालुका आणि पिनकोड सगळे नीट लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. महिन्याभरात पत्र आले नाही तर दुसरे मागवता येते.