चकचकाटाची घाई

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या बाजारांत कधी कधी फूटभराहून लांब पात्याचं, दोन्ही हातांनी पेलावं लागेल असं अवजड धूड मिळतं. घेणारा हरखतो: जल्लादाचं हत्यार! प्रत्यक्षात तो खाटकाचा सत्तूर असतो, टांगलेल्या डुकराचं धड कण्यावरून उभं दुभागणारा. कत्तलखान्यांत विजेच्या करवती आल्या आणि तो अडगळीत गेला.

आता त्याला ‘नवं रूप’ देण्याचे व्हिडिओ जोरात आहेत. गंजकं पातं ग्राइंडरखाली जातं, ठिणग्या उडतात आणि बघता बघता आरसा तयार. बघायला मजा येते, नाकारायचं कशाला? पण त्या ठिणग्यांबरोबर पात्याची ओळखही उडून जाते.

ती ओळख बहुधा मुठीलगत, गंजाखाली दबलेल्या ठशात असते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांच्या खुणा नोंदवणारी कटलर्स कंपनी 1624 सालची. त्यामुळे नाव पुसलं तरी खुणेवरून कारखाना सापडू शकतो. उदाहरणार्थ, तिथल्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याची खूण म्हणजे चांदणी आणि माल्टीज क्रूस. अमेरिकेने 1890 च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून ‘इंग्लंड’ असा ठसा दिसला तर पातं बहुधा त्यानंतरचं. ‘कास्ट स्टील’ वाचून कुणी ते बिडाचं समजून भंगारात टाकू नये. हे बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात शेफील्डजवळ साधलेलं, मुशीत वितळवलेलं उत्तम पोलाद.

ठसा नसला तरी वाट बंद होत नाही. साफ केलेल्या पात्यावर व्हिनेगरचा बोळा फिरवला की धारेचं पोलाद काळवंडतं, वरचं नरम लोखंड फिकट राहतं. मधली रेघ म्हणजे लोहाराने भट्टीत घातलेला सांधा.

ग्राइंडरचा दुसरा गुन्हा अधिक मोठा. धार तापून निळी पडली, म्हणजे पारा तीनशे अंशांच्या आसपास गेला आणि लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. मग कितीही परजा, ती टिकत नाही.

त्यापेक्षा तेल आणि बारीक स्टील वूल बरं. गंज खोल असेल तर वॉशिंग सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला पातं आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा. तिथे स्टेनलेस नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हे काम उघड्यावरच करावं, कारण हायड्रोजन सुटतो.

धारेवर खड्डे असतील तर तेवढा भाग दगडावर, पाणी घालत घासावाच लागेल. बाकी पात्यावरची काळपट झाक मात्र खुशाल राहू द्यावी. ती गंज नव्हे, आणि तिला काढून सत्तूर काही जास्त कापत नाही.