संत्रं: देर, दी की दास?



म्युनिकमध्ये नव्याने आलेल्या दोघा-तिघांनी या महिन्यात एकच प्रश्न विचारला, ‘ऑफिसात इंग्रजी चालतं, मग जर्मन शिकायलाच हवी का?’ हवी. आणि आपल्याला ती वाटते तितकी परकी नाही.

मी मूळची जामसांवलीची, म्हणजे झोपलेल्या मारुतीच्या गावची. पूर्वी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो, २०२३ पासून पांढुर्ण्यात. घरात मराठी (तीही ‘काय करून राहिली?’वाली), शाळेत हिंदी. त्यामुळे वस्तूचं लिंग भाषेप्रमाणे बदलतं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. घरी ‘ते पुस्तक’, शाळेत तीच ‘किताब’ स्त्रीलिंगी. आमच्याकडचं पीक संत्र्याचं. मराठीत ते संत्रं, हिंदीत तो संतरा, आणि जर्मनमध्ये दी ओरांज, चक्क बाई! देर-दी-दास म्हणजे आपलं तो-ती-तेच. फक्त कुठे कोणतं, ते पाठ करायचं. मुलगी म्हणजे ‘दास मेडशेन’, नपुंसकलिंगी, हे ऐकून वर्गात सगळे हसले. मला नवल वाटलं नाही. आपलं लेकरूही ‘ते’च की.

पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस, जर्मनही तसेच. ‘कारण मला आज वेळ नाही’ असं वाक्य असलं, की त्यांचंही क्रियापद शेवटी जातं. खरी गोची विभक्तीची. आपण ‘संत्र्याला’ म्हणताना शब्दच वाकवतो. ते शब्द बहुधा तसाच ठेवून आधीचा देर-दी-दास बदलतात. इथे मात्र घोकंपट्टीला पर्याय नाही.

इंग्रजीवर भागतं ते ऑफिसात आणि मारियनप्लात्सवर. दवाखान्याच्या फोनवर, पेटीत पडलेल्या सरकारी पत्रात, बालवाडीच्या पालकसभेत भागत नाही. एका ओळखीच्या घरी सात वर्षांची मुलगी आईबरोबर दवाखान्यात जाते आणि आईचं दुखणं डॉक्टरला जर्मनमध्ये समजावते. सगळे तिचं कौतुक करतात. मला ते बघवत नाही. आईने पाळीचा त्रास लेकराच्या तोंडून सांगायचा? मग ती सांगतच नाही, अंगावर काढते.

ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही. सोय चांगली, पण त्यामुळे बरेच जण कोऱ्या पाटीने इथे उतरतात आणि मग घरातच राहतात. नोकरी करणाऱ्यालाही फायदा आहेच: ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा परवाना ए-१ असेल तर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-१ असेल तर २१ महिन्यांनी.

शिकायचं कुठे? फोल्क्सहोखशूले, म्हणजे इथली लोकशाळा, मला सगळ्यात बरी वाटते. सरकारी इंटेग्रात्सिओन्सकुर्समध्ये साधारण ६०० तास भाषेचे आणि १०० तास इथल्या कायदा-इतिहासाचे असतात. बी-१ पर्यंत नेतात. मोबाईलवरची ॲप शब्दांसाठी ठीक, पण ॲपला कुणी ‘परत सांगा, कळलं नाही’ म्हणत नाही, आणि आपल्याला पहिल्या दिवसापासून लागतं ते हेच वाक्य.

एकटीला वर्गाला जायला धीर होत नसेल, तर मंडळाच्या दिवाळीत मला भेटा. संत्रा बर्फीच्या ताटाजवळ असेन.