ताऱ्यांमागचा आकडा
अंथुर्ण्यासारख्या उसाच्या गावात जमीन आजही एकर-गुंठ्यांत सांगतात, आणि शेतकऱ्यांच्या जमिनीच्या आणि येण्या-देण्याच्या नोंदी असलेल्या, डीबेस-फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालींच्या फायली नव्या संगणकावर नेताना नेमकी तिथेच गाठ बसते. २ एकर ३५ गुंठे कुणी २.३५ असे टाइप केले, त्यात १.२० मिळवले, की यंत्र ३.५५ सांगते, खरी बेरीज ४ एकर १५ गुंठे, कारण एकर ४० गुंठ्यांचा. ही चूक यंत्राला दिसतच नाही. दुसरी निदान डोळ्यांना दिसते: या फायलींत आकडा अक्षरांसारखाच, ठरलेल्या घरांत मांडलेला असतो, रक्कम घरांत मावली नाही की तिथे नुसते तारे (*) उमटतात आणि नवी प्रणाली ती नोंद अडवू शकते. अशा वेळी शून्य भरून पुढे सरकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शून्य लिहिले की त्या शेतकऱ्याचे येणे-देणे संपले असे होते. तारे तर एवढेच सांगतात, की आकडा मावला नाही. आधी फायलीची प्रत काढावी, ताऱ्यांच्या ओळी वेगळ्या कराव्यात आणि हाताने लिहिलेली खतावणी उघडावी. मूळ आकडा त्या रकान्यात उरलेलाच नसतो. असलाच तर त्या कागदावर.